गाडीखाली काय लटकतंय: काळ्या रानासाठी एटीव्ही आणि जीप

ट्रॅक्टर-ट्रॉलीने श्रावणात पाडलेली चाकोरी दिवाळीपर्यंत वाळून दगड होते. तिच्यात हात घालून वीत लावा. तळापासून मधल्या गवताच्या पट्ट्यापर्यंत वीतभर उंची सहज भरते. रावेर-यावलकडच्या खोल काळ्या रानात तर वीत संपून वर चार बोटं उरतात. आता बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाची उंची बघा: कागदावर १८० मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. तरी हीच गाडी खानदेशातल्या निम्म्या शेतरस्त्यांवर रोज धावते. चालक एक चाक मधल्या पट्ट्यावर आणि दुसरं चाकोरीबाहेरच्या कडेवर ठेवतो, म्हणून ती निघते.

शेतासाठी जीप घ्यावी की हँडलवाली एटीव्ही (फुगीर टायरची छोटी, उघडी चारचाकी), हा प्रश्न आला की लोक आकडे समोर ठेवतात. थारचा २२६, जिम्नीचा २१०, एटीव्हीचा २८० मिलिमीटर, मग एटीव्ही जिंकली. पण हा आकडा गाडीखालच्या एकाच बिंदूची उंची सांगतो. तो बिंदू नेमका कुठे आहे, चाकाजवळ की मध्यभागी, ओझं टाकल्यावर खाली येतो की जागच्या जागी राहतो, हे त्यात कळत नाही. या सगळ्याचं उत्तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कशी नेली आहे, यात असतं.

आधी मोजा

कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना पहिली अडचण अशी, की कुणी रिकाम्या गाडीचा देतो, कुणी भरलेल्या. म्हणून स्वतः मोजलेलं बरं. सिमेंटचा सपाट ओटा किंवा खळं बघा. टाकी भरा, टायरची हवा नेहमीची ठेवा, रोजचं ओझं टाका आणि चालक जागेवर बसवा. मग पुठ्ठ्यावर पाच जागांची नोंद करा: पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी), इंजिनाखालचा पत्रा, गाडीचं नेमकं मधलं पोट, मागचं डिफरन्शियल, आणि मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट किंवा पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) यू-बोल्टची पट्टी. शेवटची जागा सगळे विसरतात. पाट्याच्या गाडीत यू-बोल्टचे नट खाली लोंबतात आणि ते बरोबर चाकाच्या आतल्या अंगाला असतात. चाकोरीच्या कडेला आधी तेच घासतात.

प्रत्येक जागेची उंची लिहिली की शेजारी ती जागा डाव्या चाकापासून किती आत आहे, तेही लिहा. बऱ्याच जुन्या जीपगाड्यांत डिफरन्शियलचा फुगवटा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. तो कोणत्या बाजूला आहे हे माहीत असलं की दगड दुसऱ्या बाजूने काढता येतो. माहीत नसलं तर दगड आणि फुगवटा यांची गाठ पडतेच.

अखंड एक्सल आणि सुटी चाकं

होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही आणली. तिला स्प्रिंग नव्हत्या, फुग्यासारखे टायर होते आणि मागे चेनवर फिरणारा एक अखंड दांडा होता. त्या दांड्याचा वंश अजून चालू आहे. आजही स्वस्त एटीव्ही, बहुतेक स्पोर्ट एटीव्ही आणि काही चांगल्या कामाच्या एटीव्हींमध्ये मागे अखंड एक्सलच, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा असतो. जीपमध्ये जिप्सी, जिम्नी पुढे-मागे अखंड. थारमध्ये पुढे सुटी चाकं (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारं), मागे अखंड.

अखंड एक्सलचं गणित सोपं आहे. एक्सलचा मध्य टायरच्या मध्यावर असतो. २५ इंची टायरची त्रिज्या साडेबारा इंच. टायर दबल्यावर बारा उरतात. त्यातून हौजिंगची (एक्सलभोवतीच्या लोखंडी खोळीची) अर्धी जाडी वजा केली की जे राहतं तो क्लिअरन्स. म्हणून अशा एटीव्हीत मागच्या हौजिंगखाली साधारण १६ ते १९ सेंटीमीटरच मिळतात. स्प्रिंग कितीही उंच केली तरी हा आकडा हलत नाही, कारण हौजिंग चाकांबरोबरच बांधलेलं असतं. वाढवायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि दोन इंच मोठा टायर घातला तरी खाली एकच इंच मिळतो.

सुट्या चाकांच्या एटीव्हीत डिफरन्शियल चेसिसला बांधलेलं असतं आणि तिथून दोन छोटे शाफ्ट चाकांकडे जातात. त्यामुळे कामाच्या चांगल्या एटीव्हींमध्ये पोटाखाली २३ ते ३० सेंटीमीटर मिळतात आणि पोट पुढून मागपर्यंत एकसारखं सपाट राहतं. चाकोरीतल्या मधल्या पट्ट्यावरून घसरत जायला याहून चांगली रचना नाही.

पण ओझं टाका आणि बघा. मध्यम ताकदीच्या एटीव्हीच्या मागच्या रॅकची मर्यादा ८० किलोच्या आसपास असते. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे दोन गोण्या टाकल्या की मर्यादा ओलांडलीच. मागचे शॉकअप दबतात आणि रिकाम्या गाडीचे २८ सेंटीमीटर २३ वर येतात. शिवाय पुढचं हँडल हलकं होतं, चढावर पुढची चाकं जमिनीला नुसती टेकून राहतात. अखंड एक्सलच्या गाडीत त्याच दोन गोण्यांनी मागच्या हौजिंगखालचा क्लिअरन्स टायर जेवढा दबेल तेवढाच कमी होतो. शेतातल्या गाडीला रोज ओझंच वाहायचं असतं, त्यामुळे हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे.

दगडावर चित्र आणखी उलटतं. डावं चाक १५ सेंटीमीटरच्या दगडावर चढलं की अखंड एक्सलचं मधलं हौजिंगही साडेसात सेंटीमीटर वर उचललं जातं. चाक स्वतःच डिफरन्शियलला दगडावरून पलीकडे नेतं. सुट्या चाकाच्या गाडीत चाक वर जातं, स्प्रिंग दबते, पोट जवळजवळ होतं तिथेच राहतं आणि दगड पोटाखाली येतो. धुळे-नंदुरबारकडे रानातून काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती गेलेल्या दिसतात. जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजून त्या झाल्या. त्यांच्या पायथ्याला सुट्या गोट्यांचा खच असतो. अशा जागी जुनी, पाट्यांवरची जिप्सी दणके खात पण सुखरूप निघते. त्याच जागी महागडी एटीव्ही खालचा पत्रा वाजवत जाते. पत्रा जाड असेल तर काही बिघडत नाही. प्लास्टिकचा असेल तर आधी अॅल्युमिनियमचा बसवा, मग दगडात घाला.

बांध

बांधावर पोट टेकून चारही चाकं हवेत, हा प्रकार ज्याला अनुभवायचा नाही त्याने क्लिअरन्सबरोबर व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लिहून ठेवावा. गणित कच्चं पण कामाचं आहे: पोटाची उंची भागिले व्हीलबेसचा अर्धा भाग, त्यावरून येणारा कोन (ज्याचा टॅन्जंट तो भागाकार), तो दुप्पट. बांधाचे दोन्ही उतार मिळून याहून कमी असले की पोट टेकत नाही. टायरची गोलाई सोडून देऊ.

एटीव्हीचा व्हीलबेस १३०० मिलिमीटरच्या आसपास, पोट २८०. कोन येतो सुमारे ४७ अंश. बोलेरोचा व्हीलबेस २६८०, क्लिअरन्स १८०. कोन येतो १५ अंश. थारचा व्हीलबेस २४५० आणि आकडा २२६, यावरून २१ अंश येतो, पण कंपनी २७ अंश सांगते. खोटं कुणीच बोलत नाही. २२६ हा सगळ्यात खालच्या बिंदूचा आकडा आहे आणि थारचं मधलं पोट त्याहून वर आहे. शिवाय टायरची गोलाईही थोडी मदत करते. याच कारणासाठी पाच जागा वेगवेगळ्या मोजायच्या.

आता बांध घ्या. पायथा दोन मीटर, उंची ४५ सेंटीमीटर, दोन्ही उतार सारखे. प्रत्येक उतार सुमारे २४ अंशांचा, दोन्ही मिळून ४८. एटीव्ही माथ्यावर पत्रा किंचित घासून निघते. बोलेरोची पुढची चाकं पलीकडे सपाटीवर टेकतात तेव्हा मागची अजून अलीकडच्या सपाटीवर असतात आणि मध्ये ४५ सेंटीमीटरचा बांध असतो. तो १८ सेंटीमीटरमध्ये मावणार नाही. जीपने बांध तिरपा घ्यायचा, एका वेळी एकच चाक चढेल असा. मात्र तिरपं घेतलं की कर्णावरची दोन चाकं हलकी होतात आणि क्लिअरन्सचा प्रश्न डिफरन्शियलच्या प्रश्नात बदलतो.

चार चाकं फिरतात म्हणजे नेमकं काय

साध्या डिफरन्शियलला दोन्ही चाकांना सारखाच जोर द्यावा लागतो. एक चाक हवेत असलं तर त्याला फिरवायला शून्य जोर लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्यच मिळतो. बांधावर तिरपी चढलेली जीप पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक नुसतं गरगर फिरवत उभी राहते ती यामुळे. फोर बाय फोरचा लिव्हर ओढलेला असला तरी.

यावर प्रत्येकाचा वेगळा इलाज आहे. फोर्सच्या गुरखा जीपला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल हाताने लॉक करता येतात. काळ्या रानात याहून भरवशाचं काही नाही. थारच्या काही मॉडेलमध्ये मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते धरतं. इथे लोक चुकतात. चाक फिरायला लागलं की घाबरून पाय उचलतात आणि लॉक धरायच्या आतच सोडून देतात. अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवायचा, चाक क्षणभर फिरू द्यायचं, मग मागून टक्क असा धक्का जाणवतो आणि गाडी सरकते. जोरात दाबलं तर तोच धक्का एक्सलच्या शाफ्टला बसतो.

एटीव्हीत मागचा एक्सल बहुधा कायमचा लॉक असतो. मागे डिफरन्शियल नसतंच, किंवा असलं तर बटणाने मोकळं करता येतं. खरा फरक पुढच्या चाकांत आहे. यामाहात बटणाने पुढचं डिफरन्शियल पूर्ण लॉक होतं. पोलॅरिसमध्ये पुढे रोलरचा क्लच असतो: मागची चाकं घसरून जास्त फिरली की पुढची दोन्ही चाकं आपोआप धरतात, पकड परत आली की सोडतात. कावासाकीच्या काही गाड्यांत हँडलवरच्या लिव्हरने पुढचं लॉक हवं तेवढं आवळता येतं. चिखलात तिन्ही चालतात. उतारावर मात्र पोलॅरिसची पद्धत लक्षात ठेवावी लागते. इंजिनाने गाडी अडवायची असते तेव्हा मागची चाकं पुढच्यांपेक्षा हळू फिरतात, मग रोलर धरत नाहीत आणि ब्रेकचं काम मागच्या दोनच चाकांवर येतं. उतारासाठी वेगळी सोय असलेली मॉडेलं मिळतात. सातपुड्यात चालवायची असेल तर तीच बघावीत.

लॉक असलेल्या मागच्या एक्सलचं नुकसान केळीच्या बागेत दिसतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, ते जाऊ शकत नाही, म्हणून टायर माती खरवडत वळतो. बांधाच्या टोकाला ठिबकची १६ मिलिमीटरची नळी वर असली तर ती टायरखाली पिळून सॉकेटमधून निसटते. वळणाच्या जागी नळी मातीत बोटभर पुरा, किंवा मागचं मोकळं करता येणारी गाडी घ्या.

बागेत शिरण्याबद्दलही आत्ताच सांगून टाकतो. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीत दोन खोडांच्या मध्यांमध्ये १५२ सेंटीमीटर असतात. खोडाची जाडी आणि नळी सोडली की १३० च्या आसपास उरतात. एटीव्हीची रुंदी १२० सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर घेऊन घड लटकलेल्या बागेत कुणी जाणार नाही. एटीव्ही बागेच्या कडेच्या रस्त्यासाठी आहे. आत काम करायचं असेल तर अंतर बदलून लावलेली बाग किंवा अरुंद मिनी ट्रॅक्टर लागतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक केळीवाल्यांचे पैसे मिनी ट्रॅक्टरवरच नीट वसूल होतात. त्याला पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) असतो, एटीव्हीला नसतो.

कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी शिरपूर-चोपडा रस्त्यावर लिव्हर तसाच राहतो. वळणात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्या वेगळ्या होतात, मातीत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. मग लिव्हर सुटत नाही. जोर लावू नका. सरळ रेषेत दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, पीळ उतरतो आणि लिव्हर लोण्यासारखा सुटतो.

बेल्ट, चेन, शाफ्ट

स्वस्त एटीव्हीत मागे चेन असते. तिचं मोठं स्प्रॉकेट आणि शेजारची ब्रेक डिस्क एक्सलच्याही खाली येतात, म्हणून आधी मोजलेला हौजिंगचा आकडा इथे आणखी घटतो. ओल्या काळ्या मातीत चेनचा हाल वेगळाच होतो. गारा स्प्रॉकेटच्या दातांत भरतो, प्रत्येक फेरीत दाबला जातो आणि चेन आपोआप ताणली जाते. सकाळी बोटाने इंचभर हलणारी चेन दुपारी तारेसारखी होते. तुटली नाही तर मागचं बेअरिंग खाते. चिखलात जाण्याआधी ढील मॅन्युअलमधल्या वरच्या मर्यादेला ठेवा आणि दर दोन तासांनी काडीने दात मोकळे करा. चेनची जमेची बाजू एकच, पण मोठी: अमळनेर असो की धडगाव, मोटारसायकलचा कुठलाही मिस्त्री ती जोडून देतो.

शाफ्टची गाडी बंद पेटीत चालते, चिखलाला भीत नाही. तिचा कमकुवत भाग म्हणजे रबरी बूट, शाफ्टच्या जॉइंटवरची ग्रीस भरलेली घड्यांची खोळ. सुट्या चाकांच्या एटीव्हीला चार शाफ्ट, प्रत्येकाला दोन बूट, म्हणजे आठ. काळी माती बुटाच्या घड्यांमध्ये भरून वाळली की विटेसारखी कडक होते आणि शाफ्ट वाकला की घडी चिरते. ग्रीस उडून जातं, माती आत शिरते आणि वळताना कट-कट-कट असा आवाज सुरू होतो. त्या आवाजानंतर जॉइंट फार दिवसांचा सोबती नसतो. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या हे बूट फाटायचं दुसरं कारण. कापलेल्या शेतातून जाताना खुंट सरळ आत घुसतात. चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हातांपुढे लावायचा जाड प्लास्टिकचा गार्ड महाग वाटतो, पण चार जॉइंटच्या किमतीपुढे काहीच नाही.

इंजिन ते गिअरपेटी यामधला दुवा बहुतेक एटीव्हीत रबरी बेल्टचा असतो. दोन शंकू, त्यांत चालणारा पट्टा, वेग आपोआप बदलतो. चालवायला सोपं, बिघडवायलाही सोपं. चाकं चिखलात रुतलेली, गाडी हाय रेंजमध्ये (जास्त वेगाच्या गिअरमध्ये) आणि चालक थ्रॉटल धरून बसलेला: शंकू फिरतो, बेल्ट जागेवर घासतो, काही सेकंदांत बेल्टला एका जागी खड्डा पडतो. मग प्रत्येक फेरीला धप्-धप् जाणवतं. बेल्ट संपला. नियम एवढाच, की ओझं असेल, चढ असेल, चिखल असेल किंवा वेग माणसाच्या चालीचा असेल तर लो रेंज (कमी वेग, जास्त जोर). मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बेल्टच्या पेटीत जाणारी हवाच तापलेली असते. त्यात तिच्या फिल्टरवर धूळ बसलेली असली तर बेल्ट आणखी लवकर जातो. तो फिल्टर इंजिनाच्या एअर फिल्टरपेक्षा वेगळा असतो. सर्व्हिसमध्ये तो बघितला की नाही, हे विचारून घ्या. नवा बेल्ट घातला की पहिले पन्नास किलोमीटर ओझं नाही, पूर्ण थ्रॉटल नाही. एक जादा बेल्ट आणि तो काढायचं अवजार सीटखाली असू द्या.

उतारावर बेल्टच्या गाडीची आणखी एक खोड आहे. साध्या बेल्टमध्ये वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिन चाकांना अडवत नाही. तोरणमाळच्या सातपायरी घाटात असली गाडी केवळ ब्रेकवर उतरते. एकतर्फी बेअरिंग असलेला क्लच घेतला तर इंजिन शेवटपर्यंत धरून ठेवतं. होंडाच्या गिअरच्या एटीव्हीला ही अडचण नाही, जीपला लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला तर नाहीच.

जमीन कोणती

चिखलात क्लिअरन्स म्हणजे कागदावरचा आकडा वजा चाक जितकं रुतलं तितकं. २८ सेंटीमीटरची गाडी पंधरा रुतली तर तेराच उरले. म्हणून खोल काळ्या रानात टायरची रुंदी आणि हवा हे क्लिअरन्सचेच भाग समजा.

तापीकाठी रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात गाळाची जमीन फार खोल आहे. अरुंद टायर खाली कडक थर शोधत जातो, थर सापडत नाही, गाडी पोटावर बसते. इथे रुंद टायर आणि कमी हवा पाहिजे. एटीव्हीला पाच ते सात पीएसआय, जीपला तिशीवरून अठरा-वीसवर आणायची. पेट्रोल पंपावरचा मीटर पाच पीएसआय नीट दाखवत नाही, कमी दाबाचा छोटा मीटर वेगळा मिळतो, तो घ्या. हवा कमी केल्याने सेंटीमीटरभर उंची जाते, पण रुतणं त्याहून जास्त वाचतं. डांबरावर चढण्याआधी हवा परत भरा.

साक्री, नंदुरबार, नवापूरकडे अनेक रानांत फूट-दीड फूट मातीखाली मुरूम लागतो. तिथे उलट. अरुंद, खोल नक्षीचा टायर चिखल कापून मुरमापर्यंत जातो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर वरच्या गाऱ्यावर तरंगून घसरतो. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा टायरबद्दल वाद झाला तर दोघंही आपापल्या जमिनीपुरते खरे असतात.

गिरणा, पांझरा, अनेर यांच्या वाळूत क्लिअरन्सला फार किंमत नाही. हवा कमी, हात हलका, ब्रेक न दाबता थांबायचं. वाळूत ब्रेक दाबला की चाकापुढे ढीग होतो आणि परत निघताना तो चढावा लागतो.

चाकोरीबद्दल एक गोष्ट एटीव्हीवाल्यांनी आधीच ओळखावी. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत सव्वा ते दीड मीटर अंतर असतं, जीपचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) त्याच मापाचा, म्हणून जीप चाकोरीत बसते. एटीव्हीचा ट्रॅक मीटरभर. तिचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या पट्ट्यावर येतं, गाडी कलती होते. वीतभर खोल चाकोरीत हा कल बारा-तेरा अंशांचा होतो. मागे फवारणीची पाण्याने अर्धी भरलेली टाकी असली तर पाणी खालच्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढतो. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा.

उंच करण्याचे उद्योग

दोन इंची लिफ्ट किट सुट्या चाकांच्या गाडीत शॉकअपच्या बोल्टची जागा बदलून पोट वर उचलतं. त्याबरोबर शाफ्टचा कोन वाढतो, बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि जॉइंट ओझ्याखाली लवकर जातो. पोर्टल हबची पद्धत वेगळी: चाकापाशी गिअरची छोटी पेटी, एक्सल वर, चाक खाली. मर्सिडीजच्या उनिमोग ट्रकची बरीच उंची त्यातून आली आहे. एटीव्हीसाठीही अशी किट मिळतात, पण तेल बदलायच्या चार पेट्या वाढतात आणि गाडी उलटायला सोपी होते. शेतात मला याची गरज दिसत नाही. रस्त्यावरच्या नोंदलेल्या जीपला असले बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. आणि एटीव्ही घेताना ती रस्त्यासाठी नोंदली जाते की नाही हे लेखी विचारा. बहुतेक नोंदली जात नाहीत, त्यांना एका वावरातून दुसऱ्या वावरात जाताना मधला डांबरी रस्ताही बंदच.

नाला आणि नंतरची सकाळ

थारची पाण्यात जायची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे. ती इंजिनासाठी. डिफरन्शियलला नाल्याची भीती गुडघाभर पाण्यापासूनच असते. चालून तापलेलं हौजिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ते टाळायला वर श्वासाची नळी दिलेली असते, पण स्वस्त गाड्यांत ती हौजिंगच्या वर चार बोटांत संपते. तिला पेट्रोलची रबरी नळी जोडून हेडलाइटच्या उंचीपर्यंत नेता येते. तोंड खाली वळवा आणि क्लिपने बांधा. जोडाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवाच, नाहीतर जोडातूनच पाणी जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, डिफरन्शियलचा खालचा बोल्ट जरासा ढिला करा. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून आधी पाण्याचा थेंब येतो. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पूर्ण बदला. एकदा बदलून भागत नाही, दहा-वीस किलोमीटर चालवून परत बदला. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट नेहमीची आहे, चमकणारे तुकडे दिसले तर दात गेलाय.

बेल्टच्या गाडीत पाणी शिरलं तर बेल्ट घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. न्यूट्रलला घ्या, बेल्टच्या पेटीखालचं झाकण काढून पाणी जाऊ द्या, मग इंजिनला मध्यम रेस द्या. एक-दोन मिनिटांत बेल्ट सुकतो.

धुताना दाबाच्या पाण्याची नळी सील आणि बुटांवर थेट धरू नका, पाणी आत जातं. माती ओली असताना साध्या पाण्याने, हाताने, घडी उघडून काढा. पत्र्याच्या वर साठलेला गारा खालून दिसत नाही. पत्र्याला मधे मधे भोकं असतात, त्यांतून काडी घालून उकरा. दहा-पंधरा किलो माती निघणं नेहमीचं आहे, आणि ती तिथे वाळू दिली तर सायलेन्सरच्या उष्णतेने भाजून निघते आणि पुढच्या वेळी छिन्नी लागते.